तांडेलाचा होकार

जयवंत रेवंडकर दर्यात गेला त्याला वर्ष होत आलं होतं, आणि गेल्यापासून त्याने एकदाही कोणाला नकार दिला नव्हता.

जिवंत होता तेव्हा असं नव्हतं. तो तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आणि देवतळी बंदरात सगळ्यात जास्त नकार देणारा तांडेल अशी त्याची ख्याती. वारा जरा फिरला की मान हलवायचा आणि होडी धक्क्यालाच ठेवायचा. खलाशी पाठीमागे त्याला ‘नकोमामा’ म्हणत आणि समोर त्याच्याच होडीवर जागा मागत, कारण नकोमामाची माणसं संध्याकाळी घरी जेवायला असत. माणसं टिंगल कोणाची करतात आणि भरवसा कोणावर ठेवतात, हे दोन्ही जवळजवळ मांडून पाहावं. बहुतेक वेळा दोन्हीकडे एकच नाव निघतं.

आता मात्र रोज पहाटे रेवंडकरांच्या स्वयंपाकघरात भिंतीवरची पट्टी उजळायची आणि धक्क्यावर बांधलेली त्याची होडी ‘सातेरी’ त्या पट्टीतून विचारायची, “इंजिन सुरू करायचं आहे. परवानगी?”

मग थोडी शांतता.

“तांडेलाची परवानगी मिळाली.”

आवाज जयवंतचा नव्हता. कंपनीने कुठल्याशा बाईचा गुळगुळीत आवाज घातला होता. पण मधली शांतता जयवंतची होती. ‘हो’ म्हणायला तो जेवढा वेळ घेई, तेवढीच ती टिकायची. त्याची बायको सुचिता तेवढा वेळ हातातलं पीठ तसंच ठेवून उभी राहायची.

देवतळीत रीत अशी, की दर्याने माणूस परत दिला नाही तर बायकोने गळ्यातलं काढायचं नाही. दर्याने काहीतरी आणून टाकेपर्यंत थांबायचं. एक उलटी झालेली पात, म्हणजे छोटी होडी, सापडली होती, पण ती चुलत्याची, मागून नेलेली. ती जयवंतची खूण म्हणून धरायची की नाही यावर भावकीत बरीच चर्चा झाली आणि शेवटी कोणीच काही बोलेनासं झालं. ज्या नवऱ्याकडून रोज पहाटे होकार येतो त्याच्या बायकोला, काढ ते मंगळसूत्र, असं सांगायला कोण जाणार?

परवानगीचं हे लचांड आलं ते चोरीमुळे. काही वर्षांपूर्वी कोणीतरी दूर बसून किनाऱ्यावरच्या होड्यांचे संगणक ताब्यात घेतले आणि माणसांसकट होड्या भलतीकडे नेल्या. तेव्हा कायदा झाला, की होडीवरच्या प्रत्येक प्रोग्रामने प्रत्येक कामाआधी तांडेलाला विचारायचं. इंजिनाने विचारायचं, जाळं ओढणाऱ्या यंत्राने विचारायचं, मासे शोधणाऱ्याने विचारायचं, बर्फाच्या पेटीनेसुद्धा विचारायचं. दहा वर्षं इमानाने चाललेला प्रोग्राम असला तरी त्याने रोज नव्याने विचारायचं. घरात नांदून म्हातारी झालेल्या सुनेला रोज सकाळी उंबऱ्यावर अडवून ‘तू कोण गो?’ म्हणावं, तसला प्रकार. महिन्याभरात तांडेलांनी प्रश्न वाचणं सोडलं. पट्टी उजळली की अंगठा आपोआप पडे. चोरांना याहून सोयीचं काय असणार?

त्यावर उपाय निघाला तो सावलीचा.

अंगठा दाबण्याआधी अंगठ्याची तयारी होते. मेंदूचा निरोप मनगटातल्या स्नायूंना थोडा आधी पोहोचतो, आणि माणूस मनात घुटमळत असेल तर ती घुटमळ त्या निरोपातही उमटते. मनगटावर बांधलेला पट्टा तो निरोप वाचायचा. त्याच वेळी वारा किती, हवेचा दाब किती, लाट कशी, होडीवर कोण काय बोलतंय, घरी काय चाललंय, असं जे जे त्या माणसाच्या पट्टीला जोडलेलं असेल ते सगळं टिपून घ्यायचा. अशा हजारो होकार-नकारांतून त्या माणसाचा साचा तयार व्हायचा. त्यालाच सावली म्हणत. मग भरवशाचे प्रोग्राम माणसाला छळत नसत. ते सावलीला विचारत आणि सावली त्याच्या वतीने उत्तर देई. कायदाही पाळला जाई आणि अंगठाही सुटे.

सावलीला वारा कळत नव्हता, माणूस कळत नव्हता, भीती तर नव्हतीच नव्हती. तिला एवढंच ठाऊक असे, की सगळं असं असताना तो असं म्हणाला होता.

जयवंत गेल्यावर त्याचा बावीस वर्षांचा मुलगा दुर्वेश ‘सातेरी’ चालवू लागला. परवानगी मात्र बापाचीच राहिली. ती काढायची म्हणजे बाप मेला असं मच्छीमार सोसायटीत जाऊन सांगायचं. ते ना मुलगा सांगेना, ना आई.

खलाशांना त्यात काही खटकलं नाही. उलट जुना खलाशी पांडगो रोज पहाटे होडीवरच्या पट्टीला जास्वंदीचं फूल वाही आणि गाऱ्हाणं घाली, “बा तांडेला, आज सातेरीक सुखरूप भायर काड आनि सुखरूप भितर घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” बाकीचे ओरडत.

आणि पट्टी म्हणे, “तांडेलाची परवानगी मिळाली.”

वारा असो, ढग असोत, परवानगी मिळे. दुसऱ्या होड्या धक्क्याला बांधलेल्या असताना ‘सातेरी’ बाहेर पडे आणि भरून परत येई. बंदरावर बोलणं सुरू झालं, की नकोमामाचा आता होयमामा झाला.

“तो आता दर्यातच रवता,” पांडगो सांगे. “आत काय चल्लाहा ता तेका कळाचा नाय तर कोणाक?”

देवतळीची चूक झाली ती एवढीच. यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हताच. पण जयवंतवर होता, आणि यंत्राच्या आत जयवंत आहे असं ते धरून चालले होते.

मग खराब वाऱ्याच्या एका सकाळी ‘सातेरी’ परतली ती पांडगोचा हात मोडून. जाळ्याचा दोर दुर्वेशच्या पायात अडकला होता आणि लाटेबरोबर तो कठड्यापर्यंत ओढला गेला होता. पायाची साल निघाली होती. घरी आला तो हसत.

“काय जावक नाय गे आये. बाबान राखल्यान.”

सुचिताने पायाला हळद लावली. दुसऱ्या दिवशी वारा तसाच होता. पट्टी उजळली, शांतता झाली आणि गुळगुळीत आवाज म्हणाला, “तांडेलाची परवानगी मिळाली.”

तिने सोसायटीला फोन लावला.

सोसायटीतून प्राची आली. सावल्यांची देखभाल करणारी, मालवणची पोरगी. एकीकडे पट्टी उघडून बघत होती, दुसरीकडे चहा पीत होती.

“बिघाड काही नाही, काकी.”

“बिघाड नाय? माजो घोव असल्या वाऱ्यात परसाकडे जावचो नाय, आनि ही झिलाक दर्यात धाडता!”

“थांबा, बघू या. मी कालचाच वारा खोटा देते हिला. होडी हलायची नाही, नुसतं उत्तर येईल.”

तिने विचारलं. शांतता. परवानगी मिळाली. तिने वारा वाढवला. शांतता. परवानगी मिळाली. आणखी वाढवला. तेवढ्यात दुर्वेश रबरी बूट घालून आत आला. मागे ओल्या वाळूची वाट उठली.

“मेल्या, भायर काड ते!” सुचिता कडाडली. “आताच पुसलंय मी! बापाशीचीच सवय. सगळो दर्या घरात हाडूक व्हयो!”

“परवानगी नाही,” पट्टी म्हणाली.

दुर्वेश एका पायावर उभा राहिला. प्राचीच्या कपातला चहा सांडला. वर्षभरात त्या घराने हे दोन शब्द ऐकले नव्हते.

“परत विचारते,” प्राची हळूच म्हणाली. सगळे गप्प राहिले. “परवानगी मिळाली,” पट्टी म्हणाली.

“काकी, जरा ओरडा.”

“काय ओरडू?”

“काहीही.”

“बूट... बूट काड रे,” सुचिता म्हणाली.

“परवानगी मिळाली.”

“असं नाही. मघासारखं. खरं.”

सुचिताला खरं ओरडता येईना. प्राचीने पट्टीवर काही आकडे वर-खाली केले आणि एखाद्या परीक्षेचं उत्तर सापडावं तशी ती खुलली.

“बघा, वाऱ्याचं वजन आहेच, पण जवळजवळ तेवढंच वजन तुमच्या आवाजाचं आहे. वारा खराब असला आणि घरात तुमची बडबड चालू असली, की काका थांबायचे. वारा खराब आणि घर गप्प, की निघायचे. आता वर्षभर घर गप्पच आहे ना, म्हणून हिला वाटतंय की निघायचंय.” मग ती म्हणाली, “पण मी म्हणते, घर गप्प असायचं कधी? तुम्ही माहेरी जायचात तेव्हा?”

“होय,” सुचिता म्हणाली. “म्हायेराक.”

तिला माहेर राहिलं नव्हतं. आई-बाप जाऊन काळ लोटला होता.

घर गप्प असायचं ते तिच्या अबोल्यात. सुचिता बोलभांड म्हणून आळीत प्रसिद्ध होती. उठल्यापासून नवऱ्याच्या मागे तिचं तोंड चाले आणि जयवंत ते रेडिओसारखं ऐकत चहा पिई. शेजारणी त्याची कीव करत. त्याला खरी शिक्षा व्हायची ती हे तोंड बंद झाल्यावर, हे आळीत कोणाला ठाऊक नव्हतं. सुचिताला ठाऊक होतं. म्हणून तर ती ते बंद करायची.

शेवटचा अबोला दुर्वेशवरून होता. त्याला रत्नागिरीला कॉलेजात जागा मिळाली होती. जयवंतने परस्पर ती सोडून दिली आणि पोराला होडीवर घेतलं. दिवसभर यंत्रं ज्याला विचारून पाऊल टाकत, त्याला बायकोला एक गोष्ट विचारायचं सुचलं नाही. ती गप्प झाली. सातेरी दुरुस्तीला काढलेली होती. त्या सकाळी वारा फिरला होता. जयवंत चहा घेऊन ओट्याशी बसला आणि बसूनच राहिला. चहा संपला तरी कप हातात. ‘खय चल्लास एवढ्या वाऱ्यात?’ एवढं तिने म्हणावं म्हणून तो बसला होता, हे तिला कळत होतं. तिने तांदूळ धुतले. पाणी बदलून परत धुतले. मग तो उठला, पट्टीवर चुलत्याच्या पातीच्या इंजिनाला हो म्हणाला आणि ती घेऊन गेला.

सावलीने शिकलेला तो शेवटचा धडा. खराब वारा, गप्प घर, होकार.

दुसऱ्या दिवशी पहाटे वारा होता. पट्टी उजळायच्या आधीच सुचिता भिंतीसमोर उभी राहिली.

“आवो, ऐकलास?” सुरुवातीला आवाज चाचरला. मग वर्षाचं साचलेलं आलं. “चुलत्याची पात घेवन गेलास ती उलटी करून टाकलास? लोकाची वस्तू सरळ परत करूची असता, ह्या पन मीच शिकवू? आनि पोराचा कॉलेज कोनाक इचारून सोडलास? मी काय घरात मासे सुकत घालूक हाडलेली?”

“इंजिन सुरू करायचं आहे. परवानगी?”

“ऐकतास ना? मग बसा गप घरात!”

शांतता नेहमीपेक्षा लांबली.

“परवानगी नाही.”

सुचिता खाली बसली. मग पदर तोंडाला लावून हसली. कितीतरी दिवसांनी तिचं कोणीतरी ऐकलं होतं.

आळीने कान टवकारले. रेवंडकरणीच्या घरात पहाटे भांडण चालतं. एकीचाच आवाज येतो, पण भांडण दोघांचं आहे हे ऐकणाऱ्याला कळतं, कारण ती मध्ये मध्ये थांबते. एका शेजारणीने सांगितलं की तिने विडीचा वास घेतला. दुसरीने सांगितलं की जयवंत विडी ओढत नव्हता. पहिली म्हणाली, “आता ओढता.”

खराब वाऱ्याला सातेरी बांधलेली राही, आणि इथवर सगळं ठीक होतं. पण सुचिताने हळूहळू पुढचा शोध लावला. स्वच्छ हवेतही, बोलणं पुरेसं मनापासून झालं तर नकार येई. कधीमधी चांगल्या दिवशीही जयवंत घरी राहिलेला होताच की. ती बोलत राही. भांडण संपे आणि गोष्टी सुरू होत. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची म्हैस आटली, पांडगोचा हात कसा वाकडा जुळतोय. दर्या तेलासारखा पसरलेला असे आणि पट्टी म्हणे, “परवानगी नाही.”

म्हणजे आज तो घरी होता.

ती मग दिवसभर हलक्या पायाने वावरे. दोन माणसांचं रांधायचं तिथे तीन माणसांचं रांधून ठेवी, आणि चुकून झालं असं स्वतःलाही सांगे.

खलाशी वैतागले. आधी म्हणाले, तांडेल घाबरला. मग म्हणाले, कोपला. मग पांडगोने गळ्यात बांधलेल्या हातासकट येऊन दाराबाहेरून हाक दिली.

“वयनी, आमी रोज गाऱ्हाना घालतव आनि तू रोज मोडतंस. तेका जरा दर्यार पन सोड गे. आमची पन घरां आसत.”

पुढची पहाट दुर्वेशने दाराआड उभं राहून ऐकली. आई पट्टीशी बोलत होती, आणि भांडत नव्हती. बाबांच्या बहिणीच्या सासूची नक्कल करत होती. मध्येच थांबून लाजल्यासारखी हसली. तो अंगणात गेला आणि कपडे भरायची पिशवी शोधू लागला.

“खय चल्लंस?”

“सुभानाच्या होडीर. तेका खलाशी व्हयो आसा.”

“सुभानाच्या?” सुचिताचा आवाज चढला. “तो दर प्रश्नाक न बघता अंगठो मारता! तेच्याकडे सावली पन नाय!”

“नाय ता बरा आसा.” तो थांबला. “आये, आमच्या होडीर एक मानूस आसा तो तुजा ऐकता आनि माजा ऐकना नाय. तेच्यासांगाती मी किती वर्सां काडू?”

“मी तुका राखतंय रे.”

“तू तेका राखतंस.”

भिंतीवरची पट्टी मंद जळत होती, आणि पोरगा तिच्याकडे बघून आवाज खाली आणत म्हणाला, “बाबान कॉलेज सोडल्यान तेवा माका इचारूक नाय. तू तेच्याशी अबोलो धरलंस, तेवा तुका इचारूक नाय म्हनून धरलंस. माका खय जावचा आसा ता तुमच्यातल्या कोनी इचारलंस? आता तो नाय, तरी होडी तेकाच इचारता. माका इचारू दे गे एकदा.”

“आनि वारो फिरलो तर?”

“तर माका भय वाटता,” दुर्वेश म्हणाला. “त्या दिवशी दोर पायात इलो तेवापासून रोज वाटता. सांगूक लाज वाटली म्हनून हसत इलंय. पन माका वाटता. तेका वाटना नाय, आये. कदीच वाटाचा नाय.”

सुचिताने त्याच्या पायाकडे बघितलं. नवी कातडी गुलाबी होती, लहान मुलाची असते तशी.

“बोलव त्या पोरीक,” ती म्हणाली. “प्राचीक.”

सावली काढायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो नियमांना. सुचिताने सोसायटीला सांगितलं की माझा नवरा गेला. तसं तोंडाने सांगितलं ते पहिल्यांदाच. दुर्वेशने आपल्या मनगटावर पट्टा बांधला. प्राचीने स्वयंपाकघरातली पट्टी उघडली आणि मग खाकरली.

“काकी, एक अडचण आहे. भरवशाच्या यादीतून कोणाला काढायचं तर त्या माणसाची परवानगी लागते. नाहीतर चोर आधी मालकालाच काढतील ना, म्हणून. काका सापडलेले नाहीत, तेव्हा...”

“तेव्हा काय?”

“तेव्हा सावलीलाच विचारावं लागेल. तुला काढू का, म्हणून. ती नाही म्हणाली तर वर्षभर परत विचारता येत नाही.” ती ओशाळून हसली. “नियम माणसांनीच केलाय, पण मेलेल्या माणसाचा विचार कोणी केला नव्हता.”

“मगे इचार.”

“विचारते. पण काकी...” प्राचीने बाहेर बघितलं. माड एका अंगाला झुकले होते. “वारा आहे आज. तुम्ही बोललात तर तो थांबेल.”

सुचिताला समजलं. तिने गॅस बंद केला. खिडकी लावून घेतली. पंखा बंद केला. कोंबड्या अंगणात होत्या, त्यांना दुर्वेश हाकलून आला. ती भिंतीसमोर उभी राहिली, पूर्वी त्याच्यासमोर राही तशी, जरा तिरकी.

“जयवंत रेवंडकर यांची सावली कायमची काढायची आहे,” गुळगुळीत आवाज म्हणाला. “परवानगी?”

शांतता सुरू झाली.

ती नेहमीची नव्हती. लांबत गेली. पट्टीवरचा उजेड कमी झाला, परत वाढला, जसा कोणी उठावं की बसावं याचा विचार करतंय. सुचिताच्या गळ्यात सगळं येऊन उभं राहिलं होतं. चुलत्याची पात, रत्नागिरी, तीन माणसांचा भात, तो रिकामा कप. एक शब्द पुरला असता. ‘आवो’ एवढाच. त्या सकाळीही एवढाच पुरला असता. तेव्हा ती रागाने गप्प राहिली होती, आणि ते सोपं होतं.

मागून दुर्वेशचा श्वास लागल्यासारखा आवाज आला. पोरगा रडत होता. त्याचे ओठ हलले, “बा...”

सुचिताने वळून त्याच्या तोंडावर हात दाबला. दोघं तशीच उभी राहिली. बाहेर दर्याची गाज होती, पण ती या घरात कधीच कोणी आवाजात धरली नव्हती.

“तांडेलाची परवानगी मिळाली.”

पट्टी विझली. प्राचीने खाली बघत वायर गुंडाळली, पिशवीत ठेवली, परत काढली, परत ठेवली.

“झालं, काकी,” ती म्हणाली. “आता बोललात तरी चालेल.”

सुचिताने मुलाच्या तोंडावरचा हात काढला नाही.